प्रिंटर ओळख का नाकारतो

कार्यालयातल्या सुरक्षित छपाईत एकेका कागदासाठी माणसाची ओळख दोनदा तपासली जाते. संगणकावर ‘प्रिंट’ दाबले की प्रिंट सर्व्हर पहिल्यांदा विचारतो, हे काम कोणाचे? मग मशीनसमोर जाऊन कार्ड टेकवले किंवा पिन दाबली की मशीन तेच दुसऱ्यांदा विचारते. मधल्या वेळात फाइल सर्व्हरवर किंवा मशीनच्या डिस्कवर थांबलेली असते. मालक समोर आल्याशिवाय कागद बाहेर पडू नये, एवढाच या रचनेचा हेतू. दोन्ही तपासण्या वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या यंत्रांकडून आणि बहुधा वेगळ्या पद्धतींनी होतात. तक्रार मात्र एकाच वाक्यात येते : ‘प्रिंटर लॉगिन घेत नाही.’ ही तक्रार पहिल्या तपासणीची की दुसऱ्या, हे ठरले की दुरुस्तीचे निम्मे काम झाले.

ते ठरवायला फार वेळ लागत नाही. सर्व्हरवरची प्रिंटची रांग, आणि फाइल मशीनच्या डिस्कवर थांबत असेल तर तिथली यादी, उघडून पाहावी. काम तिथे पोचलेले दिसत असेल तर पहिली तपासणी पार पडली; अडथळा मशीनपाशी आहे. काम रांगेत आलेलेच नसेल तर मशीनच्या पडद्यावर कितीही वेळा पासवर्ड टाकून उपयोग नाही, कारण सोडवून घेण्यासारखे काम तिथे नाही. अनेक कार्यालयांत तासन्‌तास मशीनचीच खटपट होते आणि खोट शेवटी संगणकात निघते.

अशी छपाई आता मोठ्या शहरांतल्या कंपन्यांपुरती राहिलेली नाही. उदाहरणार्थ, कोल्हापूर जिल्ह्यातल्या पन्हाळा तालुक्यातले कोडोली आणि त्याला लागून असलेले वारणानगर हा भाग संगणकाला नवखा नाही. तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने इथे सहकारी साखर कारखाना आणि त्याभोवती संस्थांचे जाळे उभे राहिले. १९९८मध्ये नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटरने कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या वारणा परिसरातील ७० गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प हाती घेतला. गावातल्या केंद्रावर चालक बसे आणि ऊसनोंदणी, तोडणी, वजन यांची माहिती शेतकऱ्याच्या वतीने संगणकावर हाताळी. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाने याच भागात ती देवाणघेवाण मोबाइलच्या संदेशांवरून करून पाहिली. एक माणूस एका संगणकावरून अनेकांची कामे करतो, ही पद्धत गावच्या कार्यालयांत आजही सर्रास आहे. कामाला ती सोयीची आहे, पण छपाईच्या सुरक्षेत तीच सर्वांत जास्त घोळ घालते.

गोपनीय छपाईचे सर्वांत कसोटीचे उदाहरण या भागातल्या महाविद्यालयांत सापडते. शिवाजी विद्यापीठाने प्रश्नपत्रिका ऑनलाइन पोचवण्यासाठी ‘सिक्युअर्ड रिमोट पेपर डिलिव्हरी’ ही पद्धत आणली; परीक्षा विभागात ती एसआरपीडी या नावाने ओळखली जाते. प्रश्नपत्रिका महाविद्यालयातच उतरवून घ्यायची आणि परीक्षेआधी तिथल्याच मशीनवर छापायची. अशा सकाळी मशीनने ओळख नाकारली तर कोणीतरी मशीन सर्वांसाठी खुले करून काम उरकण्याचा आग्रह धरते. नेमक्या त्याच वेळी ते खुले करता येत नाही. म्हणून अशा ठिकाणी दोष शोधण्याची पद्धत आधीच माहीत असलेली बरी.

पहिला प्रश्न ‘काय बिघडले’ हा नसून ‘कोणाकोणाचे बिघडले’ हा असतो. एकाच व्यक्तीला सगळ्या मशीनवर नकार मिळत असेल तर दोष तिच्या खात्यात आहे. एकाच संगणकावर बसणाऱ्या प्रत्येकाला नकार मिळत असेल तर दोष त्या संगणकात, म्हणजे त्यात साठलेल्या पासवर्डात, ड्रायव्हरमध्ये किंवा घड्याळात. एकाच मशीनवर सगळ्यांना नकार मिळत असेल तर मशीन आणि डिरेक्टरी, म्हणजे सर्व खात्यांची नोंद ठेवणारा सर्व्हर, यांच्यातला दुवा तुटला आहे. आणि काल संध्याकाळपर्यंत चाललेले सगळे आज सकाळी सगळीकडे एकदम बंद पडले असेल, तर बहुधा कोणत्या तरी गोष्टीची मुदत संपली आहे. हा शेवटचा प्रकार दिसतो भयंकर, पण सापडायला सर्वांत सोपा असतो.

मुदत संपणाऱ्या गोष्टी मुख्यतः दोन. डिरेक्टरीत माणसे शोधण्यासाठी मशीनला स्वतःचे एक खाते दिलेले असते. हे खाते कोणा माणसाचे नसल्याने त्याच्या पासवर्डाकडे कोणाचे लक्ष नसते. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत नियम बदललेला नसेल तर पासवर्डाची मुदत ४२ दिवसांची असते. मशीन बसवणारा तंत्रज्ञ खाते उघडून जातो, दीड महिन्याने त्याची मुदत भरते आणि एका सकाळी कोणाचीच ओळख पटत नाही. अशा खात्याला लांबलचक पासवर्ड द्यावा, त्याला माणसे शोधण्यापलीकडे कसलाही अधिकार देऊ नये आणि पासवर्ड बदलण्याची तारीख कार्यालयाच्या नोंदवहीत लिहून ठेवावी. संगणक प्रशासकाचे खातेच मशीनमध्ये भरून ठेवण्याचा सोपा मार्ग अनेक ठिकाणी दिसतो. तो धोकादायक आहे, कारण मशीनच्या सेटिंगचे पान ज्याला उघडता येईल त्याच्या हाती साऱ्या कार्यालयाची किल्ली जाऊ शकते.

दुसरी मुदत सर्टिफिकेटची. मशीन आणि डिरेक्टरी यांच्यातले बोलणे एलडॅप या पद्धतीने होते : साध्या रूपात पोर्ट ३८९ वरून किंवा सांकेतिक आवरणातून पोर्ट ६३६ वरून. दुसरा मार्गच योग्य. पण त्यात सर्व्हरला आपले सर्टिफिकेट दाखवावे लागते आणि ते मशीनला ओळखीचे असावे लागते. सर्टिफिकेटची तारीख उलटली, किंवा ते नव्याने काढले पण देणारी संस्था मशीनच्या यादीत नसली, की बोलणे सुरू होण्याआधीच तुटते. पडद्यावर मात्र ‘युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा’ असेच उमटते, आणि माणसे बिचारी आपला पासवर्ड आठवत बसतात. जुन्या मशीनमध्ये आणखी एक अडचण असते. टीएलएस या संरक्षणपद्धतीच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या मार्च २०२१मध्ये अधिकृतपणे बाद ठरल्या. नवे सर्व्हर त्या नाकारू लागले आणि १.२ न समजणारे मशीन बाहेर पडले. फर्मवेअर नवे मिळत असेल तर घालावे. मिळत नसेल तर ते मशीन गोपनीय कामातून काढून साध्या छपाईला लावावे.

आता नावांचा घोळ. खेड्यातल्या कार्यालयात हे कारण सर्वांत जास्त आढळते, आणि खरे तर यात ओळख नाकारलेली नसतेच. कार्ड टेकवले, मशीनने नाव दाखवले, पण कामांची यादी रिकामी. संगणक सुरू होतो ‘अ‍ॅडमिन’ किंवा ‘पीसी-२’ या नावाने, आणि त्यावर चौघे जण आळीपाळीने बसतात. काम पाठवले जाते तेव्हा त्यावर मालक म्हणून ‘पीसी-२’ हेच नाव चिकटते. कार्ड मात्र, समजा, पाटलांचे. मशीनच्या दृष्टीने पाटलांनी काही पाठवलेलेच नाही. कोल्हापूर जिल्ह्यात एका कार्यालयात एकाच आद्याक्षराचे दोन-तीन पाटील असणे नवलाचे नाही. मग एकाचे खाते ‘एसपाटील’, दुसऱ्याचे ‘एसपाटील२’, आणि एकाचे काम दुसऱ्याच्या यादीत. कधी संगणक नावापुढे डोमेन जोडतो आणि मशीन ते जोडत नाही. माणूस एकच, पण यंत्रांना दोन वेगळे दिसतात. उपाय एकच. प्रत्येकाने स्वतःच्या खात्याने संगणक उघडावा आणि मशीनला नावाचा जो नमुना हवा तोच सर्व्हरवर ठरवावा. सामाईक संगणक टाळता येत नसेल तर छपाईच्या वेळी नाव आणि पिन विचारणारा ड्रायव्हर वापरावा. काही कंपन्यांच्या मशीनमध्ये खात्याऐवजी आकडी संकेत असतो. कोणी त्याला डिपार्टमेंट आयडी म्हणते, कोणी युजर कोड. ड्रायव्हरमध्ये तो भरलेला नसला तर मशीन काम गुपचूप रद्द करते, संगणकावर काहीच कळत नाही. मशीनच्या कामांच्या नोंदीत मात्र ते ‘रद्द’ म्हणून सापडते.

ज्या कारणाकडे सर्वांत कमी लक्ष जाते ते घड्याळ. ते समजायला केर्बरॉस ही पद्धत थोडी समजून घ्यावी लागते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९८३मध्ये सुरू झालेल्या ‘प्रोजेक्ट अथेना’तून ती आली आणि तिची पाचवी आवृत्ती १९९३मध्ये प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. आज बहुतेक कार्यालयांत विंडोजच्या लॉगिनमागे तीच असते. तिचे तत्त्व ऊस पट्ट्यात समजावणे सोपे आहे. कारखान्याच्या काट्यावरचा माणूस शेतकऱ्याला चेहऱ्याने ओळखत नाही. शेती विभागाने दिलेली तोडणीची चिठ्ठी तो पाहतो आणि तिच्यावरची तारीख तपासतो. केर्बरॉसमध्ये पासवर्ड एकदाच, चिठ्ठी देणाऱ्या सर्व्हरपाशी वापरला जातो. पुढे प्रिंट सर्व्हरला, फाइल सर्व्हरला फक्त चिठ्ठी दाखवायची. त्यामुळे पासवर्ड नेटवर्कवरून फिरत नाही. पण कोणी ती चिठ्ठी मधल्या मध्ये उचलून नंतर वापरू नये म्हणून प्रत्येक विनंतीवर वेळेचा शिक्का असतो, आणि दोन्हीकडच्या घड्याळांत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला तर विनंती नाकारली जाते.

पाच मिनिटांचा फरक पडायला वेळ लागत नाही. मशीनच्या आतली छोटी बॅटरी संपलेली असली की वीज गेल्यावर मशीनचे घड्याळ कारखान्यातून निघालेल्या तारखेवर जाते. पावसाळ्यात दिवसातून दोन-तीनदा वीज जाणाऱ्या भागात हा दोष ‘कधी चालतो, कधी नाही’ असा भासतो. त्याहून फसवा प्रकार टाइम झोनचा. केर्बरॉस सगळा हिशेब जागतिक प्रमाणवेळेत करते आणि भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. मशीनचा झोन ग्रीनिच ठेवून कोणी हाताने घड्याळ अकरावर आणले, तर पडद्यावर अकरा वाजलेले अगदी बरोबर दिसतात, पण मशीनच्या मते जगाचे घड्याळ साडेपाच तास पुढे असते. पाहणारा ‘वेळ ठीक आहे’ म्हणून पुढे जातो. झोनच्या यादीत चुकून शेजारच्या देशाचा झोन निवडला गेला तरी तेच. काही मशीनमध्ये उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करण्याची सोय आपोआप चालू असते. भारतात ती पद्धतच नाही, म्हणून ती बंद असली पाहिजे. नुसती वेळ पाहून थांबू नये. तारीख, झोन आणि ही सोय या तिन्ही गोष्टी पाहाव्यात.

घड्याळ हाताने लावणे हा इलाज फार टिकत नाही. मशीनने वेळ डोमेनच्या सर्व्हरकडून घ्यावी आणि त्या सर्व्हरने भरवशाच्या स्रोताकडून. देशाच्या सायबर सुरक्षेवर लक्ष ठेवणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत देशातल्या संस्थांनी आपली घड्याळे नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटर किंवा नॅशनल फिजिकल लॅबोरेटरी यांच्या वेळेशी जुळवावीत असे सांगितले आहे. हा नियम सायबर गुन्ह्यांच्या तपासासाठी आला, पण प्रिंटरच्या लॉगिनलाही त्याचा तितकाच उपयोग होतो. वेळ तरीही जुळत नसेल तर फायरवॉलमध्ये पोर्ट १२३ बंद आहे का ते पाहावे.

केर्बरॉसचा आणखी एक हट्ट आहे. चिठ्ठी सर्व्हरच्या नावाने दिली जाते, आयपी पत्त्याच्या नावाने नाही. प्रिंटर जोडताना नावाऐवजी आकडी पत्ता टाकला तर विंडोज गुपचूप एनटीएलएम या जुन्या पद्धतीकडे वळते. आजवर ते खपून गेले. आता कार्यालये एनटीएलएम बंद करत आहेत, आणि मायक्रोसॉफ्टने २०२४मध्ये ती पद्धत मोडीत काढल्याचे जाहीर केले आहे. ‘नावाने चालतो, पत्त्याने चालत नाही’ असे दिसले की कारण हेच समजावे आणि सगळे संगणक नावाने जोडून घ्यावेत.

एकट्या माणसाला नकार मिळतो तेव्हा बहुतेकदा जुना पासवर्ड कुठेतरी साठलेला असतो. त्याने सोमवारी पासवर्ड बदलला, पण विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये, मॅकच्या कीचेनमध्ये किंवा दुसऱ्या खोलीतल्या संगणकात शुक्रवारचाच आहे. ते यंत्र त्याच्या नकळत जुना पासवर्ड पुनःपुन्हा पाठवते आणि चुकीच्या प्रयत्नांची मर्यादा ओलांडून खाते कुलूपबंद होते. प्रशासक कुलूप उघडतो, दहा मिनिटांत ते पुन्हा बसते. कुलूप उघडत राहण्यापेक्षा कोणत्या यंत्राकडून चुकीचे प्रयत्न येतात ते सर्व्हरच्या नोंदीत पाहावे. विंडोजमध्ये कुलूप बसल्याची घटना ४७४० या क्रमांकाने लिहिली जाते आणि त्यात यंत्राचे नावही असते. मॅकवर काम ‘ऑथेंटिकेशनसाठी थांबले’ असे दिसते. साठलेली नोंद पुसून नवा पासवर्ड दिला की ते सुटते.

नोंदी वाचण्याची सवय या सगळ्या कामात अंदाजापेक्षा कितीतरी उपयोगी. पडदा फक्त ‘चुकीचा पासवर्ड’ म्हणतो. नोंद कारण सांगते. एलडॅपचा ४९ हा नकार आला की त्यापुढचा उपक्रमांक पाहावा : ५२५ म्हणजे असा माणूसच सापडला नाही, ५२ई म्हणजे पासवर्ड चुकला, ५३२ म्हणजे पासवर्डाची मुदत संपली, ५३३ म्हणजे खाते बंद केलेले आहे, ७७५ म्हणजे कुलूप बसले. लॉगिन फसल्याची विंडोजमधली नोंद ४६२५ क्रमांकाखाली असते. लिनक्सवरच्या कप्स या छपाई व्यवस्थेची त्रुटींची नोंद साधी मजकुराची फाइल असते. तिच्यात ४०१ आणि ४०३ यांतला फरक नीट पाहावा. ४०१ म्हणजे ओळख पटलेली नाही. ४०३ म्हणजे ओळख पटली, पण परवानगी नाही. दुसऱ्या प्रकारात पासवर्ड बदलून काहीही होत नाही. त्या माणसाला रंगीत छपाईच्या किंवा परीक्षा विभागाच्या गटात घालायचे की नाही, हा प्रश्न तंत्रज्ञाचा नसून कार्यालयप्रमुखाचा असतो.

पहिल्या तपासणीतल्या अडचणींत २०२१ हे वर्ष वेगळे काढून पाहावे लागते. त्या वर्षी विंडोजच्या छपाई सेवेत ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाने गाजलेली मोठी भेग सापडली आणि जुलैत मायक्रोसॉफ्टने तातडीची दुरुस्ती काढली. ऑगस्टमधल्या दुरुस्तीपासून सर्व्हरवरून प्रिंटर ड्रायव्हर घ्यायला प्रशासकाचा अधिकार लागू लागला. सप्टेंबरात आणखी एक बंधन सक्तीचे झाले आणि असंख्य कार्यालयांत शेवटी ११बी असलेला त्रुटी क्रमांक दिसू लागला. सर्व्हर आता संगणकाशी अधिक कडक संरक्षणानेच बोलतो, आणि दोन्हीकडची विंडोज सारखी अद्ययावत नसेल तर जोडणी नाकारली जाते. त्यावर रजिस्ट्रीतला एक आकडा शून्य करण्याचा उपाय तोंडोतोंडी पसरला. त्याने छपाई सुरू होते, पण ज्या भेगेसाठी बंधन आले तीच पुन्हा उघडी पडते. हा उपाय जिथे केलेला आहे तिथे तो उलटवून सर्व्हर आणि संगणक दोन्ही अद्ययावत करावेत. बहुतेक ठिकाणी तेवढ्याने भागते.

कार्डाच्या अडचणी तुलनेने साध्या. हजेरीची जुनी कार्डे १२५ किलोहर्ट्‌झवर चालतात, नवी बहुधा १३.५६ मेगाहर्ट्‌झवर. कार्डवाचक एका प्रकारचा आणि कार्ड दुसऱ्या प्रकारचे असेल तर मशीन हूं की चूं करत नाही. कार्ड वाचले जाते पण माणूस सापडत नाही तेव्हा क्रमांकाचे रूप तपासावे. एक वाचक तो उलट्या क्रमाने देतो, दुसरा दशमान पद्धतीत, आणि डिरेक्टरीत भरलेला असतो तिसऱ्याच रूपात.

त्याच मशीनवरून स्कॅन केलेला कागद ईमेलने पाठवणे बंद पडते, तेव्हाही मूळ ओळखीचेच असते. गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांना केवळ नाव आणि पासवर्ड देऊन बाहेरच्या यंत्रांतून मेल पाठवणे बंद केले. छोट्या कार्यालयांत जीमेलचे खाते मशीनमध्ये भरलेले असे, त्या सगळ्यांची स्कॅनिंगची सोय थांबली. खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून मशीनसाठी वेगळा अ‍ॅप पासवर्ड काढला की ती पूर्ववत होते. फोल्डरमध्ये स्कॅन जात नसेल तर जुने मशीन फाइली देण्याघेण्याच्या एसएमबी या पद्धतीची पहिली आवृत्तीच बोलते का ते पाहावे. २०१७च्या शेवटी आलेल्या विंडोज १०च्या आवृत्तीपासून ती नव्या संगणकावर बसवलेलीच नसते, आणि मशीनसाठी ती पुन्हा बसवणे योग्य नाही.

दुरुस्ती चालू असताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बदलण्याआधीची स्थिती लिहून ठेवावी. घाईत ड्रायव्हर, पासवर्ड आणि सर्व्हरचा पत्ता तिन्ही एकदम बदलले तर छपाई सुरू होऊनही कारण कळत नाही, आणि दोष महिन्याभरात परत येतो. मशीनवरची सुरक्षा काही वेळासाठी काढायची वेळ आलीच, तर ती कोणी, कोणाच्या सांगण्यावरून आणि किती वाजेपर्यंत काढली याची नोंद हवी. सर्ट-इनच्या त्याच निर्देशांप्रमाणे यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपायच्या असतात. मशीनच्या डिस्कवर इतके दिवस त्या राहत नाहीत, म्हणून त्या सर्व्हरवर उतरवण्याची सोय आधीच करून ठेवावी.

परीक्षेसारख्या वेळेला बांधलेल्या कामासाठी दुसरे मशीन तयार ठेवणे हाच खात्रीचा उपाय. ते डिरेक्टरीवर अवलंबून नसावे. त्यात स्थानिक पिन असलेले एकच खाते असावे आणि ते संगणकाला थेट केबलने जोडलेले असावे. आदल्या दिवशी, ज्या खात्याने प्रत्यक्ष काम होणार त्याच खात्याने, दोन्ही मशीनवर एक कोरे पान पाठवून सोडवून पाहावे. घड्याळ, झोन आणि मशीनच्या खात्याच्या पासवर्डाची मुदत तेव्हाच तपासून घ्यावी. काम संपल्यावर ती पिन बदलावी आणि मशीनच्या डिस्कवर राहिलेल्या फाइली पुसून टाकाव्यात.